दाराजवळची जागा

मोठ्या सिस्टरने शॉकचं मशीन ट्रॉलीसकट वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला ढकलत नेलं आणि आपल्या वडिलांच्या कॉटमागे, पडद्याआड लावलं. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं.

"याची जागा दाराशी ना?" वडिलांनी विचारलं.

"आजच्या दिवस, बाबा. पडून राहा."

परवा त्यांना हार्टचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. इंजेक्शन भरता भरता तिची मान वडिलांच्या मॉनिटरकडे वळायची.

"मी कुठे पळून जात नाहीये," ते म्हणाले. तिला हसू आलं नाही.

दाराजवळच्या कॉटवर एक शिंपी होता. हॉस्पिटलच्या अंगरख्याची शिलाई कशी उसवलेली आहे, हे तो धाकट्या नर्सला दाखवत होता. बोलता बोलता मध्येच थांबला आणि मान टाकली.

धाकटीने नाडी पाहिली, हाक मारली आणि छाती दाबायला घेतली.

"मशीन आणा!"

दाराशी भिंतीवर नुसतं रिकामं सॉकेट होतं.

हृदय बंद पडलं तर डॉक्टरची वाट बघायची नाही, झटपट शॉक द्यायचा. जितका उशीर, तितका माणूस हातातून जातो. हे मोठ्या सिस्टरनेच धाकटीकडून घोकवून घेतलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! ती धावली. पडदा ओढला, ट्रॉली वळवली, वाटेत कुणाच्या तरी स्टुलात चाक अडकलं. स्टूल लाथेने उडवलं.

पहिल्या शॉकने काही झालं नाही. दुसऱ्यानंतर नाडी लागली.

शिंप्याला आयसीयूत हलवलं, तेव्हाही त्याने डोळे उघडले नव्हते. त्याची बायको स्ट्रेचरमागून चपला हातात घेऊन गेली.

"सिस्टर, मशीन तिकडे कुणी नेलं होतं?" धाकटीने विचारलं.

"मी."

धाकटीने भिंतीवरच्या रिकाम्या सॉकेटकडे पाहिलं. ते मोठ्या सिस्टरला फार लागलं.

तिने मशीन दाराशी लावलं, प्लग घातला, दिवा लागल्याची खात्री केली. मग वडिलांकडे गेली.

"आणि मला काही झालं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"पळत येईन."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती मग वाकून त्यांच्या कॉटपासून दारापर्यंतची स्टुलं, पिशव्या, चपला एकेक करून बाजूला सारू लागली.