छाती छत्तीस

स्वस्तातलं यंत्र घेतलं म्हणून माझा नवरा गेला, असं मला वाटत होतं. आणि ते त्या सायकलवाल्याच्या तोंडावर सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नव्हता. म्हणून तीन आठवड्यांनी मी ते यंत्र आणि त्याचा पट्टा पिशवीत टाकून त्याच्या दुकानात गेले.

पण आधीचं सांगते. माझं शिवणाचं काम आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. शर्ट, पँटी, शाळेचे गणवेश, आणि सगळ्यात जास्त म्हणजे हे घट्ट करून द्या, ते सैल करून द्या. माझा नवरा विजेचे मीटर वाचायचा. चौतीस वर्षं, सायकलवरून, घरोघर. सगळे त्यांना मीटरवाले म्हणायचे, मग मीही म्हणायला लागले. कुणाचं दार बंद असलं की बाकीचे वाचणारे मागचा आकडा बघून अंदाजे काहीतरी लिहून मोकळे व्हायचे. मीटरवाले मात्र ‘घर बंद’ असं लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. “अगं, न वाचलेला आकडा लिहायचा म्हणजे थापच की ती,” म्हणायचे. त्या खरेपणाचा मला अभिमान होता आणि वैतागही होता. नवा शर्ट हौसेने शिवून अंगावर चढवावा, तर आरशात बघून म्हणणार, “डावा खांदा एक सूत खाली आहे.”

निवृत्तीनंतर आठच महिन्यांत त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. घरी आले ते अर्धे होऊन. मी टेप लावली. लग्नाच्या वेळी छाती चाळीस होती, आता छत्तीस भरली. वहीत लिहिताना माझा हात थांबला, पण लिहिलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवू द्या त्यांना, हळूहळू. फक्त ठोके एकशे पंधराच्या वर जाता कामा नयेत. ते चालवताना कळणार कसं, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनीच या यंत्राचं सुचवलं. माझा जीव टांगणीला लागला होता, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आम्ही दुकानात हजर.

सायकलवाल्याने काचेवर तीन यंत्रं मांडली. पहिल्याला रंगीत पडदा आणि आत नकाशा.

“नकाशा कशाला?” मी म्हटलं. “यांना इथलं प्रत्येक दार पाठ आहे. कुत्रं कुठलं चावतं तेसुद्धा.”

दुसरं मनगटावर बांधायचं. “चालायला जाणार असतील तर हे चांगलं, काकू,” तो म्हणाला. “पण हँडलवर हात हादरतात, मग हे कधीकधी भलतेच आकडे दाखवतं.”

तिसरं काळंपांढरं, काडेपेटीएवढं. आकडे मात्र ठसठशीत. सोबत छातीला बांधायचा पट्टा, आणि ठरवलेल्या आकड्याच्या वर ठोके गेले की हँडलवर शिट्टी. तेच सगळ्यात स्वस्त होतं.

“स्वस्त आहे म्हणजे खोटं बोलत असणार,” मी म्हटलं.

“नाही हो काकू. ठोक्यांसाठी छातीचा पट्टाच सगळ्यात भरवशाचा. महाग असतो तो नकाशा.”

मग तो पट्टा कसा लावायचा ते सांगायला लागला. रबर ओलं करायचं, अमुक करायचं, तमुक करायचं. माझं लक्ष पट्ट्याच्या शिवणीकडे होतं. इतकी सुमार शिवण मी शिकाऊ मुलींचीही चालवून घेतली नसती. हा पट्टा माझ्या हाताखालून गेल्याशिवाय यांच्या अंगावर चढायचा नाही, असं मी तिथेच मनाशी ठरवलं. मीटरवाले तोवर माहितीपत्रक उघडून उभ्याउभ्याच वाचत होते.

घरी लावून बघितला. यंत्रावर आकडा आला, अठ्ठ्याहत्तर. पण रबराच्या दोन पट्ट्या नेमक्या टाक्यांच्या व्रणाला घासत होत्या. व्रण अजून लाल होता. मीटरवाल्यांनी ओठ आवळले. मी पट्टा काढून घेतला. तीन इंच आत घेऊन तो छत्तीसला बेतला, आणि रबराच्या आतल्या बाजूने अस्तर लावलं. कोटाच्या खांद्यात घालतो तो पातळ फोम, त्यावर जुन्या फ्लॅनेलचा मऊ तुकडा. टाके असे बारीक घातले की भिंग लावून शोधावेत.

“मास्तर, हे तर कोटाचं काम झालं,” मीटरवाले त्यावरून बोट फिरवत मला म्हणाले. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मी दोन दिवस हवेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा बांधून गेले ते तासाभराने आले. मी मशीनवरून मान वर न करता विचारलं, “सगळ्यात जास्त किती?”

शर्टाचं वरचं बटण काढत ते जरा थांबले. “एकशे चार.”

मी मशीनशेजारच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात एकशे चार लिहिलं. मग तो नेमच झाला. एकशे आठ. एकशे एक. एकशे अकरा. मी रागवायचे, “चढावर उतरत जा हो!” ते म्हणायचे, “उतरलो होतो म्हणूनच अकरा.” शिट्टी एकदाही वाजली नाही, असं सांगायचे. मला झोप लागायला लागली.

फक्त एकदा आले आणि म्हणाले, “एकशे अठरा.” माझा पारा चढला. काय काय बोलले ते आता आठवायलाही नको वाटतं. दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही, असं बजावलं. एरवी ते वाद घालत बसले असते, पण त्या वेळी चूपचाप ऐकलं. दोन्ही दिवस मशीनशेजारच्या स्टुलावर बसून माझ्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत राहिले.

त्यानंतर नवव्या दिवशी गेले. चढ संपतो तिथल्या कठड्यावर बसलेले सापडले. सायकल शेजारी स्टँडवर उभी होती, कुलूप लावून. किल्ली खिशात होती.

मुलगी म्हणाली, “आई, डॉक्टरांनी सांगितलं ना, खुर्चीत बसल्याबसल्याही झालं असतं.” तिचं मी ऐकून घेतलं. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. ती शिट्टी वाजली असती तर ते चढाच्या पायथ्यालाच उतरले असते. नकाशावालं घेतलं असतं, तर ते वाजलं असतं. मी हात आखडता घेतला.

दुकानात जाऊन मी यंत्र काचेवर आपटलं. “हे माणसाचा जीव राखायला दिलं होतंस ना? बघ यात. त्या दिवशी किती ठोके होते ते मला बघायचंय.”

मीटरवाले गेल्याचं त्याला कळलं होतं. त्याने यंत्र घेतलं, बटणं दाबली. “किलोमीटर आहेत, काकू. चारशे बारा.” पुन्हा दाबली. “ठोके मात्र... पहिल्या दिवशी घरी लावलं तेवढेच आहेत. अठ्ठ्याहत्तर. नंतर एकदाही नाहीत.”

“म्हणजे? रोज आकडा सांगायचे मला! कॅलेंडर भरलंय माझं!”

त्याने पट्टा उलटा केला आणि अंगठ्याने अस्तर दाबलं. “हे कुणी लावलं?”

“मी,” मी म्हटलं. “टाके बघून कळत नाही?”

त्याने पट्टा पुन्हा सुलटा करून काचेवर ठेवला. मग म्हणाला, “यंत्रच खराब निघालं असेल, काकू. स्वस्तातलंच ते. पैसे परत देतो तुमचे.”

मी तीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं घेतेय. पोट आत ओढून उभं राहिलेलं माणूस मला लगेच कळतं. मी पिशवीतली छोटी कात्री काढली आणि तिथेच, त्याच्या काउंटरवर, अस्तर उसवलं. माझेच टाके, लवकर सुटेनात. “बांध आता तुझ्या छातीला,” मी म्हटलं. तो नको नको म्हणत होता. मी डोळे वटारले तसा आत गेला, रबर ओलं करून, पट्टा ताणून बांधून आला. यंत्रावर आकडा उमटला. ब्याण्णव.

“थेट अंगाला लागावा लागतो,” तो खाली बघून म्हणाला. “मध्ये कापड आलं की याला काही कळत नाही.”

मी घरी आले. मशीनच्या खणात माहितीपत्रक होतं. मीटरवाल्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं होतं, कारण न वाचता ते काही सोडायचेच नाहीत. चौथ्या पानावर एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. पट्टा आणि त्वचा यांच्यामध्ये कापड असू नये. ओळीपुढे बारीक खूण, वाचलेल्या मीटरपुढे करायचे तशी.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी बटण काढताना थांबले होते, तेव्हाच. एक शब्द बोलले असते तर मी पाच मिनिटांत उसवून दिलं असतं. मी रागावले असते, हो, पण उसवलं असतं. त्याऐवजी चौतीस वर्षं एकही आकडा अंदाजे न लिहिलेल्या माणसाने रोज दारातून आत येताना माझ्यासाठी एक आकडा तयार करून आणला. का, तर मी अस्तर फार मन लावून शिवलं होतं. मला त्यांचा इतका राग आला की मी ते पत्रक चुरगाळलं, आणि मग मांडीवर ठेवून पुन्हा सरळ करत बसले.

कॅलेंडर भिंतीवरच होतं. मी एकेका चौकोनावर बोट ठेवत गेले. एकशे चार, खोटा. एकशे आठ, खोटा. असं करत एकशे अठराच्या चौकोनावर आले आणि बोट तिथेच राहिलं. आकडे मनाचेच सांगायचे होते, तर हा कशाला सांगितला? मी चिडणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांना काहीतरी होत होतं. यंत्राला कळलं नव्हतं, त्यांना कळलं होतं, आणि माझ्या अस्तराला धक्का न लावता ते मला कसं सांगायचं, याची त्यांना हीच एक वाट सापडली होती.

आणि मी त्यांना आकडा विचारला होता. कसं वाटतंय, हे विचारलंच नाही.