दुभाष्याच्या जिवावर

घराच्या खालीच दिराचा कपड्यांचा कारखाना. तिथलं कापड कापायचं मशीन चालवणारा प्रोग्राम मी लिहिला, तोही फुकटात. तो कपड्याचे भाग ताग्यावर असे बसवायचा की वाया जाणारी चिंधी जेमतेम मूठभर.

मग कॉम्प्युटरचे प्रोसेसरच वेगळ्या जातीचे आले. नव्या कॉम्प्युटरवर माझा जुना प्रोग्राम चालायचा तो एका दुभाष्याच्या जिवावर. हा मधला प्रोग्राम जुन्या सूचना नव्या प्रोसेसरला समजावून द्यायचा.

मी म्हटलं, "भावोजी, हा दुभाषा कायमचा नाही. माझा मूळ कोड घेऊन प्रोग्राम नव्याने बांधू द्या."

"चालतंय ना, वहिनी? मग कशाला उकरून काढता? तुम्ही आता घर बघा."

त्याच आठवड्यात कारखान्यातलं माझं टेबल हलवलं गेलं आणि तिथे कापडाचे तागे आले.

आज सकाळी भावोजींनी कॉम्प्युटर अपडेट केला. त्यात दुभाषाच गेला आणि मशीन ठप्प झालं. कारागीर हातावर हात ठेवून बसले. भावोजींनी बाहेरून तंत्रज्ञ बोलावला, आणि मला चहा आणायला सांगितलं.

मी ट्रे घेऊन गेले तेव्हा तंत्रज्ञ म्हणत होता, "मूळ कोड मिळाला तरच काही करता येईल. लिहिला कुणी हा प्रोग्राम?"

भावोजींनी माझी नजर चुकवली. "होता एक माणूस. सोडून गेला."

मी दोघांपुढे कप ठेवले. मूळ कोड वर माझ्या कपाटात आहे. शोधा म्हणावं आता त्या माणसाला.