मिक्सरमधली मैना

"काका, तुमच्या मिक्सरमध्ये मैना राहते ना, तिच्याकडून भाडं किती घेता हो?"

शाळेच्या सभागृहात माइकवरून म्याऊचा आवाज घुमला. मग मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणीला, लंबूला, असं काही हसू फुटलं, की ती खुर्चीसकट कलंडली. पैज तिचीच होती. "सगळ्यांसमोर बिल्डरला मैनेचं विचार, मग तुला म्याऊ म्हणणं बंद," असं ती मधल्या सुट्टीत म्हणाली होती. गेल्या वर्षापर्यंत म्याऊला हजेरी देतानाही घाम फुटायचा. पण यंदा शाळेच्या सामन्यांचं धावतं वर्णन तिने केलं, आणि तेव्हापासून माइक दिसला की तिचे हात नुसते शिवशिवायचे.

सभागृहात आज नगरपालिकेची सुनावणी होती. शहर जमीन बँक काढत होतं. वर्षानुवर्षं ओस पडलेले प्लॉट मालकाला रास्त मोबदला देऊन ताब्यात घ्यायचे आणि तिथे साध्या कमाईच्या माणसांना परवडतील अशी घरं बांधायची. सूट एकच, काम चालू असलेल्या प्लॉटला हात लावायचा नाही. म्हणून तर बिल्डर पडद्यावर फोटो दाखवत होता. कुंपण, वाळूचा ढीग, मधोमध सिमेंट कालवायचा मिक्सर.

"बघा, काम जोरात चालू आहे."

जोरात म्हणे! त्याच जागेवर म्याऊचं घर होतं. पत्र्याच्या छपरांची, एकमेकींना टेकून उभी असलेली भाड्याची घरं. ती एवढीशी असताना तिथे बुलडोझर आला. दाराची कडी धरून ती भोकाड पसरून रडत होती, तेव्हा याच माणसाने वाकून तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं होतं. "रडू नकोस बाळा, दोन वर्षांत नवं घर होईल."

आणि तिने ते खाल्लं होतं. नुसतं खाल्लं नाही, कागदसुद्धा चाटला होता. घर गेल्याचा राग एक वेळ निवला असता. पण ते चॉकलेट आपल्याला आवडलं, हे आठवलं की आजही तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"म्हणजे काय गं?" पाहणी अधिकारी बाईंनी चष्मा वर सरकवला.

"मॅडम, आमच्या वर्गाच्या खिडकीतून तो मिक्सर दिसतो. त्याच्या तोंडात मैनेने घरटं बांधलंय. पिल्लं मोठी होऊन उडालीसुद्धा. मिक्सर एकदा जरी फिरला असता ना, तर बिचाऱ्यांना चक्कर आली असती!"

सगळं सभागृह खदखदलं. बिल्डरही हसला, पण नुसत्या दातांनी.

"पोर आहे, मस्करी करतेय."

"मग उद्या जागेवरच बघू," बाई म्हणाल्या. "तोवर मिक्सरला कुणी हात लावायचा नाही, आमचा माणूस तिथे राहील. आणि तू ये सांगायला. आईबाबांना विचारून हं."

संध्याकाळी म्याऊच्या घराचा अरुंद जिना बिल्डरच्या बुटांनी वाजला. घर म्हणजे पंक्चरच्या दुकानावरची एक खोली, सदा रबराच्या वासाची. तो आईच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसला आणि गोड गोड बोलू लागला.

"वहिनी, माझ्या नव्या इमारतीत दोन खोल्या तुमच्या. गॅलरीसकट. पोरीने एवढंच सांगायचं, की घरटं मैत्रिणींनी गंमत म्हणून आणून ठेवलं. पोरखेळ! विषय संपला."

जाताना त्याने म्याऊच्या हातावर चॉकलेट ठेवलं. तेच. सोनेरी कागदाचं.

दार लागलं. आईने खिडकीतल्या दोरीवरचे ओले कपडे चाचपले. "गॅलरी..." ती पुटपुटली. "कपडे उन्हात वाळतील गं."

वायरमन बाबांनी पक्कड उगाचच उघडली, मिटली. "त्याच्याशी वाकडं घेतलं तर या भागात मला वायरिंगची कामं कोण देणार? आणि एक शब्द फिरवायचा, त्यात काय मोठंसं?"

म्याऊने चॉकलेट नाकाशी नेलं. वाससुद्धा तोच! तोंडाला पाणी सुटलं, आणि त्या पाण्याचाच तिला असा संताप आला की ती ताडकन स्टुलावर उभी राहिली. हातात माइक असल्यासारखी मूठ तोंडासमोर.

"ऐका हो ऐका! आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या मी जाणार आणि जे खरं तेच सांगणार."

"खाली उतर आधी," आई म्हणाली.

"नाही उतरणार. त्याच्या गॅलरीतले कपडे आपल्याला नकोत आई. आपल्या जुन्या गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे त्या प्लॉटवर वाळले पाहिजेत, आणि रोज येता-जाता त्याला ते दिसले पाहिजेत. आणि बाबा, त्या घरांना वायरिंग लागेलच की! राहिलं हे चॉकलेट. हे मी खाणार नाही, लंबूच्या फ्रिजमध्ये ठेवणार. जमीन बँक तिथे पाया खणेल ना, त्या दिवशी मी हे त्याच्या हातावर ठेवणार आणि वाकून म्हणणार, रडू नका काका, दोन वर्षांत घरं होतील."