परवानगी गेली, नोंद नाही

मित्रांनो, रक्त तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेच्या संगणकात मी राहते. मी संगणकाला काम सांगणारी, एकवीस ओळींची जुनी फाईल. इथले संगणक सांभाळणाऱ्या ताईने मला लिहिले आणि चालण्याची परवानगी दिली. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी चालते आणि तयार अहवाल डॉक्टरांना पाठवते.

माझ्या शेजारी पत्राची फाईल. अहवालासोबत जाणारा मजकूर तिच्यात असतो. तिला चालता येत नाही, पण तोरा केवढा. आमच्याकडे व्हर्जन कंट्रोल नावाचा कारकून आहे. कोणी, कधी, काय बदलले ते तो लिहून ठेवतो. पत्रात स्वल्पविराम हलला तरी तिच्या नावावर नोंद. माझ्या नावावर सहा वर्षांत एकच, जन्माची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा ताईच्या धाकट्या भावाने आमचे बिऱ्हाड पेनड्राइव्हवरून नव्या संगणकावर हलवले. पेनड्राइव्हने अक्षरे नेली, पण वाटेत माझी चालण्याची परवानगी गळून पडली. कारकुनाने लगेच सांगितले, ही फाईल बदलली. भावाला तर एकही अक्षर बदललेले दिसेना. वैतागून त्याने कारकुनाला बजावले, की परवानग्यांकडे लक्षच देऊ नकोस. कारकून गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले आणि मला हलताच येईना. रुग्णालयातून फोन आला. एका आजींचे ऑपरेशन अहवालासाठी खोळंबले होते. भावाने नोंदी चाळल्या. पत्रात कालच दोन शब्द बदलले होते, म्हणून त्याने तिलाच दोषी धरले आणि तो बदल मागे घेतला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अहवाल मात्र जाईना. पुन्हा फोन आला, तशी ताई धावत आली.

"पत्राला कशाला झोडपतोस? ही फाईल चालते का, ते बघितलंस?"

"ताई, तिच्यात अक्षरही बदललेलं नाही. नोंदी बघ ना."

"अक्षर नाही रे, परवानगी गेलीय. ती बघू नको म्हणून कारकुनाला तूच सांगितलंस ना?"

तिने परवानगी परत दिली. मी धावले, अहवाल पोहोचला आणि आजींना आत घेतले. मग ताईने पत्रातले दोन शब्द परत बसवले आणि कारकुनाला पुन्हा परवानग्यांवर नजर ठेवायला सांगितले.

त्या दिवशी पत्राच्या नावावर दोन नव्या नोंदी झाल्या: बदल मागे घेतला, बदल पुन्हा केला. माझ्या नावावर एकही नाही. माझी परवानगी जन्मनोंदीतच लिहिलेली होती. परवानगी परत मिळताच मी त्या नोंदीशी पुन्हा जुळले, बदल उरलाच नाही, मग कारकून लिहिणार काय?

मित्रांनो, आजी ताटकळत असताना मी शेजारणीची फजिती बघत होते, याची लाज वाटते. हेवा गेला म्हणाले, तर मात्र खोटे ठरेल. तुम्ही एवढे करा. बिऱ्हाड हलवाल तेव्हा अक्षरांबरोबर परवानग्याही तपासा. आणि कारकून कटकट करू लागला, तर त्याला गप्प करण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्या.