बिनटाक्याचे झबले

मी एक जुनी कात्री आहे. परंतु माझा परिचय माझ्या मालकिणींपासून सुरू होतो, आणि तो त्याच क्रमाने ऐकावा. अंबरनाथच्या बाजारातून मला पुतळाबाईंनी आणले. त्यांच्या सूनबाई राजाबाई यांनी मला शिवणकामाला लावले. राजाबाईंची सून संजीवनी हिने मला उल्हासनगरच्या कॅम्प चारमधील कारखान्यात नेऊन माझ्याकडून जीन्सचे जाड कापड कापून घेतले. आणि संजीवनीची लेक तेजल, जिच्या हाती माझी खरी परीक्षा झाली, ती चौथी.

मित्रांनो, माझा मान मोठा होता. मला कोणी कागद कापायला घेत नसे. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे. राजाबाईंचा नियम कडक होता: बनियन-टीशर्टच्या ताणणाऱ्या कापडाला मला लावायचे नाही, आणि कापलेली कड दुमडून शिवल्याखेरीज कोणाच्या अंगावर घालायची नाही. पुढे तयार कपडे घरोघरी आले, शिलाई मशीनवर झाकण पडले, आणि मी बदलापूरला मांजर्लीतल्या तळमजल्याच्या घरात खणात पडून राहिले. माझी दोन पाती जोडणाऱ्या खिळ्यावर गंज चढला.

एका जुलैत उल्हास नदी त्या घरात शिरली. राजाबाईंनी देवांचा डबा उचलला आणि त्याच मुठीत मलाही घेतले. राजाबाई, त्यांचा मुलगा महेश आणि तेजल गच्चीवरच्या खोलीत पोहोचले. संजीवनी कामावर अडकली होती. मागोमाग शेजारच्या बनूबाई आल्या. त्यांची नात किर्ती बाळंतपणाला आली होती, आणि तिच्या कुशीत बारसेही न झालेले बाळ ओलेचिंब होते.

खाली कोणीतरी ओरडले की होडी येते आहे; जिन्याच्या खिडकीतून एकेकाला हातोहात उतरवतील.

महेशने कोपऱ्यातले पोते सोडले. त्यात त्याच्या गोविंदा पथकाचे जुने टीशर्ट होते, तेवढेच कोरडे. बाळाला एकात गुंडाळले, पण ते पाय झाडी आणि कापड सुटून खाली पडे.

"असं हातात दिलं तर निसटेल गं," किर्ती म्हणाली.

बनूबाईंनी बाळाचे तळवे चोळले. "राजे, गार पडलंय बघ. रडत पण नाही आता."

तेजलने मला उचलले. "आजी, मी कापते. बाहीचं झबलं होईल."

"शिवणार कशाने? मशीन पाण्यात, सुई-दोरा पाण्यात."

"शिवायचंच नाही. या कापडाचे धागे सुटत नाहीत. कड नुसती आत वळते."

"उघड्या कडेचा कपडा आपल्या घरातनं गेला नाही कधी."

"आजी, आपलं घर आत्ता पाण्याखाली आहे."

राजाबाईंनी टीशर्ट बोटांत चोळून पाहिला. तान्ह्याला कोरे घालत नाहीत, धुऊन धुऊन मऊ झालेले जुनेच घालतात, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या म्हणाल्या, "काप."

मित्रांनो, त्या क्षणी मी हादरले. माझी पाती आखडली होती. पहिल्याच घासाला कापड त्यांच्यामध्ये अडकले आणि चघळले गेले. तेजलने दात ओठावर रोवले. राजाबाईंनी देवांच्या डब्यातली तेलाची कुपी माझ्या खिळ्यावर उपडी केली. मी उघडले. मी कापू लागले.

बाही निघाली. तिला हातांसाठी दोन चिरा दिल्या, झबले झाले. दुसऱ्या टीशर्टची खालची कड उभी कापून झालर केली, आणि पुढची पट्टी मागच्या पट्टीला बांधत तेजल बाळाला ठेवायच्या पिशवीचा तळ बंद करू लागली.

"गाठी बाहेर घे," राजाबाईंनी फर्मावले. "आत टोचतील. आणि गळ्याशी काही बांधू नकोस."

पिशवीवर आणखी एक थर हवा होता. पोत्यातले बाकीचे ओली अंगे पुसण्यात भिजले होते; उरलेला एक टीशर्ट महेशने काखेत दाबून धरला होता.

"तो नको. तो सगळ्यात वर चढलो त्या वर्षीचा आहे."

"बाबा, आता तुम्ही स्टुलावर पण चढत नाही."

राजाबाई त्याच्याकडे वळल्या. "तू जन्मलास तेव्हा छप्पर उडालं होतं. माझ्याकडे तुला गुंडाळायला चिंधी नव्हती. या बनूने अंगावरचं लुगडं फाडलं आणि अर्धं नेसून वर्ष काढलं. माझ्याच्याने अजून काही फिटलेलं नाही."

महेशने टीशर्ट माझ्या पात्यांत स्वतः धरला.

पिशवीत ऊब मिळाली तेव्हा बाळ चिडून रडले, आणि किर्तीही रडली. होडीतल्या माणसाने गाठींची ती पिशवी घट्ट धरून उतरवून घेतली. काहीही सुटले नाही.

मित्रांनो, आता माझी आज्ञा ऐका. घरची कात्री कोरडी ठेवा, तिला तेल द्या. आणि मऊ झालेला कपडा टाकण्याआधी तो अजून कोणाला ऊब देईल, याचा विचार करा.

खिडकीपाशी बनूबाई थांबल्या. त्यांनी राजाबाईंचा हात आपल्या कपाळाला लावला.

"राजे, लुगड्याचं फिटलं गं," त्या म्हणाल्या. "सगळं फिटलं."