शिट्टीखालची चौथी ओळ

“थांब, बोलू नकोस. उचलली मी. सापडली! आता वाच, ताई. ओळ न् ओळ वाच.”

घड्याळजीने खेळाचा कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि तोंड पडद्यापासून मागे घेतले. पडद्यावर एका चेपलेल्या शिट्टीचे चित्र उमटले होते आणि त्याखाली चार ओळी. ताईने चष्मा नाकावर नीट बसवला, टेबलावरची पेन्सिल उचलली. छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रितशोधन केलेली बाई. वाचायचे म्हटले की हातात पेन्सिल लागायचीच. तिथली रीत अशी की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर डोळा ठेवायचा आणि ओळ संपली की वाचणाऱ्याने पेन्सिल टेबलावर वाजवायची. टक. म्हणजे ऐकणाऱ्याने खालच्या ओळीवर उतरायचे. ताईचा हात इतका बसला होता की औषधाच्या डबीवरची सूचना वाचली तरी टक, कुणाचे पत्र वाचले तरी टक.

“‘पहारेकऱ्याची शिट्टी,’” ती वाचू लागली. टक. “‘दिवे विझत वर येऊ लागले, तेव्हा तळाशी हा एकटाच उभा होता.’” टक. “‘डोळे गेले तरी त्याने ती वाजवणे सोडले नाही.’” टक.

“पुढे?”

पुढची ओळ अशी होती: ‘वर ती सगळ्यांना ऐकू येत होती; खाली कोणीही उतरले नाही.’

ताईने भावाकडे पाहिले. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. डाव्याला उजेड कळे, हालचाल कळे. अक्षर मात्र सहा महिन्यांपूर्वी नजरेबाहेर गेले. भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा हा माणूस आता चहाचा कप चाचपून उचलत होता. आणि या खेळवाल्यांना आजच ही ओळ सुचायची होती!

“‘वर ती त्याच्या बहिणीने ऐकली,’” ताई म्हणाली, “‘आणि ती खाली उतरली.’”

बोलून गेली ती. पेन्सिल हातातच राहिली.

घड्याळजीने मान जराशी तिरपी केली. मग त्याने मांडीवर थाप मारली. “बहीण! अगं, बहीण! जिन्यावरची बाई!”

त्या खेळाचे नाव काजळकोट. एक किल्ला, त्याचे अकरा मजले, आणि तळापासून एकेक मजला गिळत वर येणारा अंधार. हा अंधार आला कुठून, दिवे विझवतो कोण, हे खेळ बनवणाऱ्यांनी कुठेच सरळ सांगितलेले नव्हते. कुठे गंजलेल्या किल्लीखाली दोन ओळी, कुठे फाटक्या झग्याखाली तीन. त्या वेचायच्या, जुळवायच्या आणि त्यातून बुडालेल्या राज्याची कथा उभी करायची, यात देशोदेशीची माणसे वर्षानुवर्षे रमली होती. त्यांचे इंटरनेटवर एक चर्चेचे पान होते. तिथे घड्याळजी ‘कंदील’ या नावाने लिहायचा. एका ओळीवर तासभर निरूपण करील आणि पुन्हा बरोबर मूळ ओळीवर आणून सोडील, अशी त्याची ख्याती. त्याने त्या पानाला एक नियमच घालून दिला होता: आधी ओळ दाखवा, मग बोला. पदरची वाक्ये घालणाऱ्यांना त्याने भल्याभल्यांदेखत उघडे पाडले होते. ही शिट्टी मात्र खेळात नवीनच आली होती; अजून फारशी कुणाला सापडली नव्हती.

आणि त्या काजळकोटात एक बाई होती. तोंड झाकलेली, राखी कपड्यांतली, जिन्यावरून एकेक पायरी हळूहळू खाली उतरत येणारी. ती कोण, का येते, नऊ वर्षांत कुणाला कळले नव्हते. जवळ आली की जीव घेते, म्हणून दिसली रे दिसली की लोक तिला तलवारीने कापून काढत.

“नऊ वर्षं आम्ही तिला कापतोय, ताई!” घड्याळजी उठून खोलीत फिरू लागला, त्याचा गुडघा खुर्चीवर आपटला, त्याचेही त्याला भान नव्हते. “ती शत्रू नाहीच. ती आंधळ्या भावाला न्यायला उतरतेय. तलवार म्यान करायची आणि कंदील धरून तिच्या पुढे चालायचं, एवढंच! लिही, लिही पटकन.”

“आधी चहा घे.”

“चहाला आग लाव. लिही म्हणतो ना!”

आत्ताच सांगावे, ताईच्या मनात आले. अरे, चुकले मी, ओळ निराळी आहे, एवढेच तर म्हणायचे. पण सहा महिन्यांत तो असा खुलला नव्हता. ती लिहीत गेली. तो सांगत गेला, वाक्यात वाक्य गुंफीत, आणि ताईला वाटले, देवा, किती सुंदर बोलतो हा! जन्मभर जिने मुद्राराक्षसाला दारात पाऊल टाकू दिले नाही, तिच्याच जिभेवर बसून तो आज घरात आला होता.

दुसऱ्या दिवशी चर्चेच्या पानावर नुसता जयजयकार होता. ताईने तो सगळा वाचून दाखवला, टक, टक. तिसऱ्या दिवशी सकाळी घुबड नावाच्या माणसाने लिहिले: ‘माझ्या शिट्टीखाली ही ओळ नाही.’ दुपारपर्यंत आणखी सतरा जणांनी तेच लिहिले.

“आज काय म्हणतायत?” घड्याळजीने विचारले.

“काय म्हणणार? वा म्हणतायत.”

“आणि घुबड?”

“घुबड गप्प आहे.”

“घुबड गप्प?” तो हसला. “मग काहीतरी अघटित घडणार बघ. ते मेलं तरी चितेवरनं एक शंका विचारील.”

ताईही हसली. त्या दिवसापासून तिने ते पान स्वयंपाकघरात, भांडी विसळायचा नळ सोडून, एकटीने वाचायला सुरुवात केली. कुणा एकाने कंदीलच्या शब्दावर विश्वास ठेवून तलवार म्यान केली होती. ‘बाई मुकाट्याने माझ्यामागून आली,’ त्याने लिहिले होते. ‘तीन मजले आम्ही बरोबर उतरलो. एकदाही तिने हात उचलला नाही. चौथ्या मजल्यावर माझ्या हातातला दिवा आपोआप विझला. मी मेलो. कसा, ते दिसलं नाही.’

त्याखाली घुबडाने लिहिले होते: ‘मला वाटतं ते असं. दिवे दुसरं कोणी विझवत नाही. तीच विझवते. दुष्टपणाने नव्हे. अंधारात काय आहे ते कुणाला दिसू नये, म्हणून.’

नळ वाहत राहिला. ताईने फोन पालथा घातला आणि ओले हात पदराला पुसत ती तशीच उभी राहिली. दोन खोल्यांच्या त्या घरात भाऊ पलीकडे बसला होता, आणि मधल्या दारातला पडदा हलला तरी ती वळून पाहत होती.

संध्याकाळी ती भाजी घेऊन परतली तेव्हा जिन्यातला दिवा गेलेला होता. कठड्याला धरून, पायरी चाचपत ती तीन मजले चढली. वर दारात घड्याळजी उभा होता, कान जिन्याकडे लावून.

“कोण आहे?”

ताई शेवटच्या पायरीवर थांबली. धाप लागली होती, पण ते कारण नव्हते.

“कोण आहे? बोला ना.”

“मी रे. मीच.”

“मग बोलत का नाहीस? पावलं तुझीच वाटली, पण माणूस बोलेना म्हटल्यावर…” तो बाजूला झाला. “घाबरवलंस मला.”

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे होते. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात पुष्कळ वेळ प्रकाश टाकून पाहिले, कागदावर काहीतरी लिहिले आणि ताईशी न बोलता त्याच्याशीच बोलले. महिनाभर, फार तर दीड महिना. मग उजेडही राहणार नाही.

“बरं,” घड्याळजी म्हणाला. एवढेच.

बाहेरच्या खोलीत नर्सबाई मोठ्या मायेच्या. त्यांनी त्याच्याच फोनमध्ये कुठे काय दाबायचे ते त्याच्या बोटाला शिकवले. “हे असं दोनदा दाबा, काका. जे समोर धराल ते हा वाचून दाखवील. कागद धरा, पडदा धरा, औषधाची बाटली धरा. कुणाचं तोंड बघायला नको.”

फोनने भिंतीवरचा फलक वाचून दाखवला: ‘कृपया शांतता राखा.’ घड्याळजी लहान मुलासारखा खूश झाला. “ताई, ऐकलंस? सुटलीस बाई तू! घसा कोरडा पडायचा तुझा.”

“माझी कुठे तक्रार होती?” ताई म्हणाली.

परतीच्या वाटेवर चारदा तिने बोलायला तोंड उघडले. एकदा बस आडवी आली, एकदा ओळखीचे कोणी भेटले, आणि दोनदा काहीच आडवे आले नाही, तरी ती बोलली नाही.

घरी येऊन त्याने पाणीसुद्धा घेतले नाही. खुर्चीत बसून दोनदा बोट दाबले, तीनदा चुकला, मग चर्चेचे पान उघडले. फोन सपाट आवाजात, न थांबता वाचू लागला. “कंदील खोटारडा आहे कंदीलने ओळ बनवली नऊ वर्षं आम्हाला नियम शिकवले आणि स्वतः घुबड म्हणतो त्याने एकदा तरी उत्तर द्यावं आठ दिवस झाले तो गप्प का आहे…”

घड्याळजीने अंगठ्याने आवाज बंद केला.

ताई दाराशी उभी होती. खिडकीतून दुपारचे ऊन आत आले होते आणि ते बरोबर त्याच्या चेहऱ्यावर पडले होते, पण त्याने डोळे मिटले नाहीत.

“शिट्टी काढ पडद्यावर,” तो म्हणाला.

“अरे, ऐक, मी…”

“काढ, ताई.”

तिने काढली. त्याने फोन पुढे धरला. नेम लागत नव्हता, म्हणून तिनेच मनगट धरून तो नीट समोर आणला. फोनने चारही ओळी एका दमात वाचल्या. शेवटचे शब्द खोलीत तसेच राहिले.

मग तो म्हणाला, “वाजलं नव्हतं.”

“काय?”

“पेन्सिल. तीन ओळींना वाजली, चौथीला नाही. घड्याळजी आहे मी. एक ठोका चुकला तर चार हात लांबून कळतं मला. त्या दिवशीही कळलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही विचारलंस मला?”

तो खाली मान घालून फोन बोटांनी चाचपत राहिला. “ओळ चांगली होती,” तो म्हणाला.

ताई खाली बसली. त्याने ओरडावे, दोन शिव्या द्याव्यात, असे तिला वाटत होते. तो ओरडला नाही. थोड्या वेळाने नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाला, “घे लिहायला. चुकीची दुरुस्ती छापता ना तुम्ही पुस्तकाच्या शेवटी, काय म्हणता त्याला?”

“शुद्धिपत्र.”

“ते लिही. कंदीलची चूक झाली, असं लिही.”

“तुझी कशी? वाचणारी मी.”

“आणि ठोका ऐकून पुढे जाणारा मी. नाव त्या पानावर माझं आहे. लिही.”

“नाही लिहिणार. चौतीस वर्षं दुसऱ्यांची शुद्धिपत्रं लावली मी. एकाही शुद्धिपत्रावर वाचणाऱ्याचं नाव नसतं, ठाऊक आहे तुला? लेखक मान खाली घालतो आणि आम्ही खाली मान घालून पुढचा कागद घेतो. एकदा तरी माझं असू दे.”

“हट्टी आहेस.”

“तुझीच बहीण.”

ताईने लिहिले. दोनदा खोडले, तिसऱ्यांदा स्वच्छ लिहिले. चार ओळी झाल्या. लिहून झाल्यावर तिने सवयीने चष्मा वर केला, घसा खाकरला आणि वाचायला तोंड उघडले.

“थांब,” घड्याळजी म्हणाला. आवाजात राग नव्हता. अनोळखी माणसाला पत्ता विचारावा, तितक्याच अदबीने तो म्हणाला, “त्याला वाचू दे.”

ताईने ओठ मिटले. क्षणभर कागद छातीशी धरला. मग तो फोनसमोर धरला, अक्षरे हलू नयेत म्हणून दोन्ही कोपरे टेबलावर टेकवले, आणि मोकळ्या बोटांत पेन्सिल घेतली. भावाने मान किंचित तिरपी केली, घड्याळ कानाला लावताना करायचा तशी.

“शुद्धिपत्र ही चूक वाचणारीची आहे कंदीलची नाही,” फोन वाचू लागला.

टक.

“चुकीची ओळ वर ती त्याच्या बहिणीने ऐकली आणि ती खाली उतरली.”

टक.

“ही ओळ खेळात नाही कधीही नव्हती.”

टक.

“बरोबर ओळ वर ती सगळ्यांना ऐकू येत होती खाली कोणीही उतरले नाही.”

टक.