वकीलसाहेबांच्या गाडीचा वास

छप्पन सालच्या मे महिन्यात एका गाडीच्या वासावर माझं लग्न अडलं होतं.

गाडी शरच्चंद्र वकिलांची. काळी, विलायती, माझ्याहून वयाने थोडी लहान. ती चालवायचे गुणाजीकाका, आमच्या मालवणकडचे. त्यांची मुलगी मालन. अंधेरीला आंबोलीकडे वळताना आमचं गॅरेज होतं. त्याच्यावरून ती रोज बापाचा डबा घेऊन वकिलांच्या बंगल्यावर जायची. जाताना माझ्याकडे बघायची नाही, येताना बघायची. तेवढ्यावर मी दिवसभर शीळ घालायचो.

पण गाडीला पेट्रोलचा वास यायचा. साधासुधा नाही. वकीलसाहेब कोर्टात उभे राहिले की न्यायाधीश खिडक्या उघडायला सांगत. त्यांच्या पत्नी जयंतीबाईंना गाडीत बसताच मळमळायचं. शेवटी साहेब म्हणाले, रविवारी बोरिवलीला लेकीकडे जायचंय, वाटेत वास आला तर सोमवारी गाडी विकून टाकतो.

गुणाजीकाका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "लवू, गाडी गेली तर माझी नोकरी गेली. मगे मी चेडवाक, मालनाक घेवन गावाक जातलंय. थंय एक स्थळ इला हा. झिलाच्यो दोन होड्यो आसत."

"आणि वास काढला तर?"

"तर बघू."

त्या 'बघू'वर मी पाच दिवस नाचलो.

गाडीबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मला तेव्हा मराठीही वाचता येत नव्हतं, म्हणून मी नाक लावलं. पुढून मागे, मागून पुढे, गाडीखाली पाठीवर पडून. रबराची नळी चिरली होती, ती बदलली. टाकीच्या सांध्याला ओल दिसली, तिथे आधी कपड्यांचा साबण चोळून बसवला, मग टाकी उतरवून धुतली आणि सांधा नीट झाळून घेतला. कार्बोरेटर खोलून साफ केला, नवे वायसर घातले. गॅरेजात गाडी एक थेंब गाळायची नाही. बंगल्यावर जाऊन दिवसभर उन्हात उभी राहिली, की पुन्हा भपकारा.

बुधवारी मालन जाताना थांबली. पहिल्यांदाच थांबली.

"काय रे, गाडी तुला घाबरते की काय? तुझ्यासमोर गप्प बसते."

"त्या होड्यांना इंजिन आहे गं?" मी विचारलं.

"नाय. वल्हं मारतो तो."

"मग दंड मजबूत असणार."

"असणारच!" म्हणाली आणि गेली. तो दिवस मी स्वतःचे दंड बघण्यात घालवला.

शुक्रवारी मी ठरवलं, गाडी बिघडते तिथेच तिला गाठायची. उन्हं कलताना बंगल्यावर गेलो. मालन रिकामा डबा न्यायला आलेली. गुणाजीकाका गाडी पुसत होते. एवढ्यात जयंतीबाई तबक घेऊन आल्या. हळद, कुंकू, फुलं आणि पेटलेलं निरांजन. दर शुक्रवारी त्या गाडीची पूजा करत. चाकांना कुंकू लावलं, दिव्यांना लावलं. मग मागे जाऊन पेट्रोलच्या झाकणावर तुपात कालवलेलं कुंकू बोटाने चांगलं दाबून लावलं.

"हे हिचं तोंड ना," त्या म्हणाल्या आणि निरांजन ओवाळायला तिथेच नेलं.

"बाईसाहेब!" मी उडी मारली आणि फूं करून निरांजन विझवलं.

सगळं थांबलं. शुक्रवारचा दिवस, पूजेचा दिवा, आणि एका परक्या पोराने तो तोंडाने फुंकला!

"वाट लावलंस मेल्या!" गुणाजीकाकांनी कपाळावर हात मारला.

वऱ्हांड्यातून वकीलसाहेब ओरडले, "कोण आहे हा इसम?"

"तिथे पेट्रोल आहे, बाईसाहेब," मी म्हणालो. "आणखी चार बोटं पुढे गेलं असतं तर आपल्या सगळ्यांचीच आरती झाली असती."

तबक लांब ठेवायला लावलं आणि माझी नजर झाकणावर गेली. झाकणाच्या मधोमध मोहरीएवढं भोक असतं, टाकीत हवा यायला-जायला. ते दिसतच नव्हतं. त्यावर तीन महिन्यांच्या कुंकवाचा थर बसला होता. त्या कुंकवाला पाचही दिवस मी हात लावून नमस्कार केला होता, पुसलं मात्र नव्हतं. गाडीवरचं कुंकू कुठला मेकॅनिक पुसतो?

झाकण फिरवलं. फुस्स! सोड्याच्या बाटलीसारखं.

उन्हात टाकीतली वाफ फुगायची. भोक बंद, म्हणून ती पेट्रोलला पुढे ढकलायची आणि ते कार्बोरेटरमधून बाहेर सांडायचं. गॅरेजात माझं पहिलं काम काय, तर झाकण उघडून काठीने पेट्रोल बघणं. तिथेच वाफ सुटायची आणि गाडी शहाणी व्हायची.

पण हे सांगायचं कसं? दिवा विझवून झालाच होता. मी मालनकडे बघितलं. तिने डोळे मोठे करून बजावलं, बोल! मी बोललो.

जयंतीबाई बघतच राहिल्या. "म्हणजे तीन महिने मी हिचा श्वास कोंडत होते?"

"हो."

"आणि हे म्हणत होते, तुझंच नाक नाजूक!" त्या वऱ्हांड्याकडे वळल्या. वकीलसाहेबांनी घाईघाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. बाईंनी अंबाड्यातला आकडा काढून मला दिला. "घे, मोकळं कर. कुंकू यापुढे चाकांनाच."

रविवारी आम्ही पाच जण निघालो. मालनला बाईंनीच बसवलं, म्हणे तिचं नाक तरुण आहे. शिवाय हुकूम, काचा बंद! मे महिना, घोडबंदर रस्ता आणि गाडीत पाच माणसं घामाने निथळत नुसती हुंगतायत. मालाड गेलं. कांदिवलीला बाई एकदम ओरडल्या, "येतोय!"

मी उतरायला दाराची मूठ धरली.

"सोनचाफा गं! मालनच्या वेणीतला!"

वकीलसाहेब इतके हसले की त्यांचा चष्मा पडला.

बोरिवलीला उतरल्यावर गुणाजीकाकांनी बॉनेट हुंगलं, टाकी हुंगली, वाकून खालूनही हुंगलं. मग माझ्याकडे आले आणि माझी कॉलर हुंगली.

"गाडीचो वास गेलो," ते मालनला म्हणाले. "पण ह्येका पेट्रोलचो वास येता. जन्मभर येतलो. चलतलो?"

मालनने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांदेखत, सावकाश.

"चलतलो. ह्येचो ऱ्हवांदे, बाबा."